अर्ज देऊन थांबा : मूल आणि पीएचडी एकाच वेळी सांभाळणाऱ्यांसाठी

माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा विद्यापीठातून पत्र आलं. सलग तीन सहामाही प्रगती अहवाल मिळालेले नाहीत, नोंदणी रद्द का करू नये याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा. माझ्या एका हातात नाचणीच्या सत्त्वाची वाटी होती, दुसऱ्या हातात ते पत्र. पहिला विचार आला तो असा की, मी सरांना सांगितलं होतं की! सातव्या महिन्यात मीच फोन करून म्हणाले होते, "सर, जरा थांबते." गाइड सर म्हणाले होते, "बाळाकडे बघा, घाई काय आहे?" दोघंही मनापासून बोललो होतो. पण त्या बोलण्याचा कागद कुठेच नव्हता, आणि विद्यापीठाला फक्त कागद वाचता येतो.

खुलासा, विलंबशुल्क, तीन अहवाल एकदम आणि विद्यापीठाच्या चार फेऱ्या, एवढ्यावर निभावलं. चूक माझीच होती. पण तेव्हापासून कुणी पोटुशी संशोधक विद्यार्थिनी किंवा नवी सहकारी विचारायला आली की मी पहिलं वाक्य हेच सांगते : थांबायला काहीच हरकत नाही, पण अर्ज देऊन थांबा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझं संशोधन सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, पावसाळी वनस्पतींवर. त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. नियम सांगते आहे ते यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांचे. आयआयटी, आयसर किंवा परदेशातल्या संस्थांचे नियम वेगळे असतात, तिथल्यांनी आपापली पुस्तिका उघडावी.

पायरी १ : कुठली घड्याळं चालू आहेत ते मोजा

एकाच वेळी आपली दोन-तीन घड्याळं चालू असतात आणि प्रत्येक जण आपल्याला वेगळ्याच घड्याळाची आठवण करून देतो. सासूबाईंचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं. इथे फक्त कागदावरची मोजूया.

पीएचडीचं घड्याळ : यूजीसीचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ चे. त्यानुसार कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. त्यानंतर पुनर्नोंदणी करून २ वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत. म्हणजे स्त्री संशोधकासाठी एकूण मर्यादा १० वर्षं. याशिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, पण पीएचडीच्या पूर्ण काळात एकदाच. हा 'एकदाच' शब्द नीट वाचा. पहिल्या बाळाला सगळी वापरली आणि पीएचडी संपायच्या आत दुसरं आलं, तर या कलमाखाली मागायला काही उरत नाही.

तुमची नोंदणी २०२२ च्या आधीची असेल तर तुम्हाला जुने, म्हणजे २००९ चे किंवा २०१६ चे नियम लागू असतात. नोंदणीचं पत्र काढा, तारीख पाहा, आणि ती मोबाइलमध्ये कॅलेंडरवर टाका. सहा वर्षांची शेवटची तारीख, आठची आणि दहाची. रजेचे दिवस मुदतीत वाढवून मिळतात का, हे विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवरच्या माणसानं "मिळतं हो मॅडम" म्हटलं तर त्यांचे आभार माना आणि तरीही अर्ज द्या.

फेलोशिपचं घड्याळ : यूजीसीची जेआरएफ-एसआरएफ, म्हणजे कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळून पाच वर्षांची असते (जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि ४२,००० रुपये). बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांचे करार वेगवेगळे असतात. रजेच्या काळात हप्ता चालू राहतो की नाही, हजेरीपत्रक कोणी सही करायचं, हे करारात पाहा. हजेरीपत्रक वेळेत गेलं नाही म्हणून बाळंतपणाच्या ऐन खर्चाच्या महिन्यांत पैसे अडकलेल्या मुली मला माहीत आहेत.

पायरी २ : 'योग्य वेळ' शोधत बसू नका, पण तीन वेळा टाळता आल्या तर टाळा

योग्य वेळ नसते. कोर्सवर्क झाल्यावर करू, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) झाल्यावर करू, नोकरीत कायम झाल्यावर करू असं करत माणसं चाळिशीला टेकतात. शिवाय मूल काही टाइमटेबल बघून येत नाही; काहींना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, काहींचं गर्भारपण मध्येच थांबतं. (गर्भपात झाल्यास कायद्यानं सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. त्या दिवसांत कुणी हे सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.)

तरी, हातात असेल तर कोर्सवर्कचं सत्र, प्री-सबमिशनच्या (प्रबंध देण्यापूर्वीच्या सादरीकरणाच्या) आधीचे चार महिने आणि तुमच्या विषयाचा हंगाम, या तीन वेळा सोडा. हंगाम म्हणजे काय ते प्रत्येक विषयात वेगळं. सड्यावरची माझी झाडं जूनच्या पावसानं उगवतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जातात. गेंद आणि सीतेची आसवं ही तिथली फुलं बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबर. माझी मुलगी जन्मली ऑगस्टमध्ये. कासच्या पठारावर फुलं आली तेव्हा मी माहेरी शेक घेत पडले होते, आणि गेलेला हंगाम म्हणजे महिना नाही, वर्ष गेलं. माझं काम दर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या टोपली कारवीवर असतं, तर ती तितक्या वर्षांनी पुन्हा भेटली असती, तेव्हा त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. शाळांमध्ये फिरून माहिती गोळा करणाऱ्यांचा हंगाम जून ते मार्च असतो, शेतीवर काम करणाऱ्यांचा पेरणी आणि काढणी. दप्तरखान्यात बसणाऱ्यांना मात्र बाराही महिने धूळ.

पायरी ३ : गाइडना कधी आणि कसं सांगायचं

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. घरापुरतं ते ठीक. पण तुम्ही प्रयोगशाळेत काम करत असाल तर हा नियम मोडा, निदान गाइडपुरता तरी. कारण बाळाचे अवयव घडतात ते याच पहिल्या तीन महिन्यांत.

आमच्याच विषयाचं सांगते. गुणसूत्रं बघण्यासाठी मुळांच्या टोकांवर कॉल्चिसिन वापरतात. त्याचं कामच मुळी पेशीविभाजन अडवण्याचं. वनस्पतींचे नमुने टिकवायला फॉर्मॅलिन. आणि हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) शीटना कीड लागू नये म्हणून वर्षानुवर्षं मर्क्युरिक क्लोराइड चोपडलेलं असतं, जुनी कपाटं उघडली की पारा हवेत असतोच. रसायनशास्त्रवाल्यांकडे डीएमएफ नावाचं द्रावक बाटल्यांनी असतं, तेही गर्भाला घातक. हे सगळं नऊ महिने बाजूला ठेवता येतं, फक्त ठेवणारी व्यक्ती आपण असली पाहिजे. प्रत्येक बाटलीसोबत सुरक्षा-माहितीपत्रक येतं, त्यात प्रजननाला धोका आहे का हे लिहिलेलं असतं. ती पत्रकं काढा, आपल्या कामातल्या रसायनांची यादी करा, आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. "मी कॉलेजात शिकवते" एवढंच सांगितलं तर डॉक्टर म्हणतील, छान, बसून काम आहे.

गाइडशी बोलायला जाताना हातात एक पान न्या. त्यावर तीनच गोष्टी : पुढच्या नऊ महिन्यांत काय होईल, काय होणार नाही, आणि जे होणार नाही ते नंतर कधी होईल. असं पान नेलं की बोलणं "आता कसं होणार तुमचं" वरून "सप्टेंबरचा डेटा कोण आणेल" वर येतं. माझ्या पाहण्यात बहुतेक गाइड वाईट नसतात, ते घाबरलेले असतात. त्यांच्याकडे संशोधकांच्या जागा मोजक्या असतात : प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. अडकलेली एक जागा त्यांनाही जाणवते. पान त्यांची भीती कमी करतं. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी मेल करा : "आज आपल्याशी बोलल्याप्रमाणे..." हाच तुमचा पहिला कागद.

काही गाइड खरोखरच वाईट वागतात. "मूल हवं होतं तर पीएचडीला कशाला आलात" हे वाक्य मी दुसऱ्या एका विभागाच्या दारात स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. अशा वेळी वाद घालू नका, तारीख घालून लिहून ठेवा. संशोधन सल्लागार समिती प्रत्येक सत्रात तुमचं काम ऐकते; तिच्यातल्या दुसऱ्या सदस्याला विश्वासात घ्या.

पायरी ४ : रजेचे कागद

इथे तुम्ही कोण आहात त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त अन्यायही आहे.

अनुदानित महाविद्यालयात कायम असाल तर १८० दिवसांची पूर्ण पगारी प्रसूती रजा. दोन हयात मुलांपर्यंत. शिवाय राज्य शासनानं २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली. ती मूल अठराचं होईपर्यंत, तुकड्यातुकड्यानं घेता येते. कार्यालयात हेडक्लार्क "आपल्याला लागू नाही" म्हणाले तर भांडू नका, शासन निर्णयाची प्रत छापून अर्जाला जोडा आणि "लागू नसल्यास तसे लेखी कळवावे" ही ओळ लिहा. या एका ओळीनं किती फायली हलतात ते पाहा.

खाजगी विद्यापीठात किंवा विनाअनुदानित संस्थेत असाल तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेली दुरुस्ती आठवा (नोव्हेंबर २०२५ पासून त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत) : पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीपूर्वी. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. तीन महिन्यांहून लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता आलं पाहिजे, असंही त्या दुरुस्तीत आहे.

पीएचडी पूर्णवेळ करत असाल तर वर सांगितलेले २४० दिवस. एमए-एमएससी करत असाल तर डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीनं सगळ्या कुलगुरूंना पत्र पाठवून पदवी-पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितलं आहे. तुमच्या विद्यापीठानं केले आहेत का, ते विचारा. विचारणारी पहिली विद्यार्थिनी तुम्हीच असाल, अशी शक्यता बरीच आहे.

आणि सीएचबी. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचा केवढा तरी भार या मुला-मुलींच्या डोक्यावर आहे आणि बाळंतपणात त्यांच्यासाठी पगारी दिवस एकही ठेवलेला नसतो. यावर माझ्याकडे गोड उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात सांगितलं आहे की, करारावरच्या महिलेचा करार मध्येच संपला तरी मातृत्व लाभ पूर्ण मिळाला पाहिजे. तुमच्या हातात ठरावीक मुदतीचा नेमणूक आदेश असेल तर हा निकाल घेऊन वकिलाला जरूर भेटा. नुसत्या तासांच्या हिशोबावर असाल तर तो आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. तुम्ही निदान एवढं करा : प्रत्येक सत्राचा नेमणूक आदेश आणि अनुभव प्रमाणपत्र सत्र संपताच घ्या, दोन वर्षांनी नाही. परत यायचं आहे हे प्राचार्यांना लेखी कळवा. आणि तास दुसऱ्या कुणाला देताना ते याच सत्रापुरते आहेत, हे विभागप्रमुखांच्या टिपणीत येऊ द्या.

अर्ज कुठलाही असो, दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. ही पोच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, बाळाच्या लसीकरण कार्डाच्या शेजारी ठेवा. नोकरीत असाल तर रजा संपल्यावर सेवापुस्तकात नोंद झाली का, ते डोळ्यांनी बघून या. ही नोंद राहिली की ती स्थाननिश्चितीच्या (पदोन्नतीच्या) वेळी, दहा वर्षांनी, भुतासारखी समोर उभी राहते.

बाबालोकांसाठी : पितृत्व रजा १५ दिवसांची. कमी आहे, पण ती न घेणारे प्राध्यापकच मी जास्त पाहिले. "आमच्याकडे आई आहे ना" म्हणतात. घ्या ती रजा.

पायरी ५ : रजेवर जाण्याआधी काम कुठल्या अवस्थेत सोडायचं

मी आठव्या महिन्यापर्यंत नमुने दाबत बसले होते आणि स्वतःवर खूश होते. वर्षानं परत आले तर चौदा शीटवर लेबल नाही. कुठल्या सड्यावरून, कुठल्या तारखेला, काही आठवेना. चौदाही टाकून द्यावे लागले. म्हणून शेवटचे दोन महिने नवीन काहीच गोळा करू नका, आहे ते बंद करा.

बंद करणं म्हणजे : प्रत्येक फाइलच्या नावात तारीख. डेटा दोन ठिकाणी, त्यातलं एक गाइडच्या किंवा विभागाच्या संगणकावर. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लाल अक्षरांत एक ओळ : "यापुढे हे करायचं." पूर्ण वाक्यात लिहा. 'तक्ता ३ तपासणे' लिहिलंत तर वर्षानं तुम्हाला कळणार नाही की काय तपासायचं होतं. 'तक्ता ३ मध्ये मसाई पठाराची दोन वर्षांची संख्या उलटसुलट झाली आहे, मूळ वही क्रमांक ४ बघून बदलणे' असं लिहा. झोप न झालेल्या बाईसाठी लिहीत आहोत, हे ध्यानात ठेवा. ती हुशार आहे पण तिला आत्ता काहीही आठवत नाही.

पायरी ६ : पहिले सहा महिने

काहीही करू नका.

"बाळ झोपलं की लिही" हा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा ना बाळ सांभाळलेलं असतं ना प्रबंध लिहिलेला. बाळ झोपलं की झोपायचं. या काळात पीएचडीची दोनच कामं : आठवड्यातून एकदा मेल बघणं, आणि प्रगती अहवालाची तारीख आली तर "मंजूर रजेवर, रजा मंजुरी क्रमांक अमुक" असा एका ओळीचा अहवाल पाठवणं. रजेवर असताना अहवाल लागत नाही असं कुणी म्हटलं तरी पाठवा. त्या एका ओळीनं माझ्या चार फेऱ्या वाचल्या असत्या.

रडू येणं, चिडचिड होणं पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकींना होतं. त्यापुढेही मन उतरलेलंच राहिलं, बाळाजवळ जावंसं वाटेना, झोप मिळूनही झोप लागेना, तर ते तुमच्या पीएचडीमुळे नाही आणि डिंकाच्या लाडवांनी जाणार नाही. डॉक्टरांकडे जा.

या दिवसांत हमखास कुणीतरी इरावती कर्व्यांचं उदाहरण देतं. बर्लिनची डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजातलं संशोधन, तीन मुलं, शिवाय पुण्यात स्कूटर चालवायच्या! सगळं खरं आहे. पण त्यांच्या घरी दिनकर कर्वे होते, स्वतः प्राध्यापक, बायकोच्या कामाची किंमत कळणारे. उदाहरण देणाऱ्याला विचारा, तुम्ही संध्याकाळी किती वाजता येता बाळाला घ्यायला?

पायरी ७ : परत कामावर

पाळणाघर रजा संपायच्या निदान तीन आठवडे आधी सुरू करा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक, मग जेवणापर्यंत. बाळाला सवय व्हायला तर हवीच, पण आपल्यालाही व्हावी लागते. बघायला जाताना न कळवता, दुपारी तीनच्या सुमाराला जा. सकाळी सगळीच पाळणाघरं चकाचक असतात. किती बाळांमागे एक मावशी, दूध कुठे ठेवतात, ताप आला तर किती वेळात फोन करतात, आणि उशीर झाला तर काय, हे चार प्रश्न. भिंतीवरची मिकी माउसची चित्रं बघू नका.

मुंबई-नवी मुंबईत असाल तर वाशीला इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या आवारात पाळणाघर आहे. कमल रणदिवे आणि इतर शास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७३ मध्ये उभी केलेली ही संस्था. नोकरी करणाऱ्या बाईला आधी काय लागतं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. तालुक्याच्या गावी अशी सोय नसते. तिथे शेजारच्या काकू, पगार ठरवून. पगार नक्की ठरवा, 'घरच्यासारखं' म्हणून ठेवू नका. आजीच्या बाबतीतही हेच : आजी सांभाळणार असेल तर वरकामाला बाई लावा, आणि आजीला आठवड्यातून एक सुट्टी द्या. तिचे गुडघे साठीचे आहेत आणि बाळ रांगायला लागलं आहे.

अंगावरचं दूध काढून ठेवता येतं : साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये स्टाफरूम २५ अंशांवर कधी नसते, तेव्हा बर्फाच्या पिशवीसकट डबा न्या किंवा प्रयोगशाळेतला नव्हे, कॅन्टीनचा फ्रीज वापरा. हे सांगण्यात विनोद नाही. मी एकीला रसायनांच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवताना अडवलं आहे. दूध काढायला जागा लागते. लेडीज रूमला आतून कडी आहे का, हे रुजू व्हायच्या आधी बघून या.

टाइमटेबल हे विभागप्रमुखांकडे मागायचं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये, जूनमध्ये नाही. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला १६ तास आहेत, ते कमी करून मागू नका, सलग करून मागा. सकाळी साडेसातचं प्रॅक्टिकल आणि दुपारी तीनचं लेक्चर एकाच दिवशी आलं तर मधले चार तास ना घराचे ना प्रबंधाचे. बदल्यात काहीतरी द्या. मी शनिवारचं प्रॅक्टिकल घेतलं, कारण शनिवारी नवरा घरी असायचा. परीक्षेची सुपरव्हिजन आणि कॅपचं (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकनाचं) पेपर तपासणं टळत नाही. त्या तारखा लागल्या की त्याच दिवशी घरी कोण, हे लिहून फ्रीजवर लावा.

एक सूचना : पाळणाघरातलं पहिलं वर्ष मूल सतत आजारी पडतं. पावसाळ्यात तर दर पंधरवड्याला सर्दी-ताप. हे तुमचं चुकलं म्हणून नव्हे. पण त्या वर्षात कुठलीही अंतिम तारीख स्वतःहून कबूल करू नका, आणि "आज कोणी घरी राहायचं" हे त्या सकाळी नाही, रविवारी रात्री ठरवा. आमच्याकडे सम तारखा माझ्या, विषम त्याच्या. बावळट वाटतं, पण भांडण झालं नाही.

पायरी ८ : प्रबंध लिहायचा कसा

सलग दिवस आता मिळणार नाहीत. मिळतील तेव्हा लिहीन म्हटलं तर मूल दहावीला जाईल. कामाच्या दोन याद्या करा. पहिली हातानं करायची कामं : संदर्भसूची एकसारखी करणं, तक्ते, फोटोंना मथळे, प्रश्नावल्या भरणं. ही मूल मांडीवर असताना, एका हातानं होतात. दुसरी डोक्यानं करायची : चर्चा, निष्कर्ष, युक्तिवाद. यांना मूल घरात नसलेला वेळ लागतो. पहाटे पाचला उठून पहिल्या यादीतलं काम करणं ही मी केलेली मोठी उधळपट्टी. चांगलं डोकं सूची लावण्यात घालवलं.

आठवड्यातून एकदा तीन तास घराबाहेर. विद्यापीठाचं ग्रंथालय, गावातलं वाचनालय, कुठेही. घरात दार लावून बसणं म्हणजे बाहेर नव्हे, मुलाला दार वाजवता येतं. हे तीन तास मूल बाबाकडे. तो विचारेल, "तिचं जेवण काय?" उत्तर देऊ नका. सापडतं त्याला.

फील्डवर्कला मुलीला घेऊन गेले. ती दोन वर्षांची, बरोबर माझी आई, साताऱ्यात लॉजची खोली. मी सकाळी सहाला सड्यावर आणि अकराला परत. दिवसाला पाच तास म्हणजे आधीच्या निम्मे, म्हणून जागा सहावरून तीनवर आणल्या आणि तसं समितीसमोर मांडून मंजूर करून घेतलं. तीन जागांचा प्रबंधही प्रबंधच असतो.

परिषदांचं म्हणाल तर वर्षातून एक, तीही जवळची. २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची आणि परिषदांत वाचण्याची सक्ती राहिलेली नाही. नोकरीला आणि पदोन्नतीला निबंध लागतात, तेव्हा परिषदेचा प्रवास वाचवून तो वेळ एका बऱ्या निबंधाला द्या. नवऱ्याची बदली झाली किंवा गाव बदललं तर २०२२ च्या नियमांत स्त्री संशोधकाला आपला डेटा नव्या विद्यापीठात नेता येतो. अट एवढी की तो कुठल्या निधी मिळालेल्या प्रकल्पाचा नसावा आणि आधीच्या गाइडचं, संस्थेचं श्रेय द्यावं. 'सोडून दिलं' म्हणण्याआधी हे कलम वाचा.

पायरी ९ : मध्ये खंड पडलाच तर

पडू दे. नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतल्या सहायक प्राध्यापक पात्रतेला आणि सेट या राज्याच्या परीक्षेला वयाची अट नाही. जेआरएफला आहे, पण महिलांना पाच वर्षांची सूट मिळते. विज्ञानशाखेतल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण'खाली खंड पडलेल्या स्त्रियांसाठी योजना आहेत, जैवतंत्रज्ञानवाल्यांसाठी 'बायोकेअर'. जाहिरातींवर लक्ष ठेवा.

बायोडेटात खंड लपवू नका. "२०१९-२१ : बालसंगोपन" एवढी एक ओळ. मुलाखतीत "मूल लहान आहे, जमेल का?" हे अजूनही विचारतात, पुरुष उमेदवाराला विचारलेलं मी ऐकलं नाही. यावर मी दिलेलं उत्तर : "पाळणाघर साडेसहापर्यंत आहे सर, कॉलेज साडेपाचला सुटतं." पुढचा प्रश्न प्रकाशसंश्लेषणावर आला.

पायरी १० : व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) दिवस

सगळं झालं की या दिवशी मुलाची सोय दुहेरी करून ठेवा. माझ्या व्हायवाला बाहेरगावचे परीक्षक दीड तास उशिरा आले, रेल्वेचं काहीतरी. तीनचा व्हायवा साडेचारला सुरू झाला. साडेसहाला पाळणाघर बंद व्हायचं, नवरा हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेला, आणि परीक्षक दुसऱ्या प्रकरणावरच रमलेले. सहाला तो उठून गेला. निकाल जाहीर झाला तेव्हा तो बाहेर पार्किंगमध्ये मुलीला बिस्कीट भरवत होता. पेढे आणायचे राहून गेले होते, ते विभागातल्या शिपाईमामांनी आणले.

तेव्हा पेढ्यांचंही कुणाला तरी आधी सांगून ठेवा.